जाऊन की बसून?

शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला जाणाऱ्या रस्त्यावर कुठल्याही टपरीपाशी थांबून "एमेभाऊ आज येऊन गेले का?" असं विचारून बघा. "आत्ताच गेले" किंवा "यायचेत अजून" असं उत्तर मिळेल आणि त्यापाठोपाठ प्रश्न येईल, "का हो, तुमची पण ॲडमिशन राहिलीय का?"

एमेभाऊ एम. ए. नाहीत. ते बी. कॉम. आहेत आणि एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करतात. एम. ए. करायचं त्यांनी ठरवलं त्याला इतकी वर्षं लोटली, की लोकांनीच दरम्यान त्यांना ती पदवी परस्पर देऊन टाकली. मागे गावच्या सत्यनारायणाच्या पत्रिकेत प्रमुख पाहुण्यांच्या यादीत त्यांच्या नावापुढे कंसात चक्क 'एम. ए.' छापून आलं. भाऊंनी हरकत घेतली नाही. "दुरुस्ती म्हणजे पत्रिका परत छापायच्या. लोकवर्गणीचा पैसा आहे," ते म्हणाले.

पदवी अडली आहे ती एकाच मुद्द्यावर. शिकायचं ते जाऊन, की बसून?

भाऊंच्या मोटरसायकलच्या डिकीत पिग्मीचं मशीन असतं आणि त्याच्याखाली दोनशे पानी वही. पावसाळ्यात मशीन भिजलं तर पतसंस्था बघून घेईल, पण वहीला प्लास्टिकच्या दोन पिशव्या. वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे मथळा 'जाऊन', उजवीकडे 'बसून'. डावीकडच्या नोंदी अशा: आसनगावचा रेल्वे पास, कुर्ल्याहून कालिन्यापर्यंत शेअर रिक्षा, वडापाव दोन, पंच्याहत्तर टक्के हजेरी, आणि लाल शाईत 'आवणीच्या दिवसांत काय?' उजवीकडे: फी, नेटपॅक, लाईट, घरात पाहुणे, 'आई सारखी हाक मारते'. दोन्हीकडच्या बेरजा दर वर्षी जवळपास सारख्याच येतात. भाऊ मग फीचं नवं पत्रक येईपर्यंत थांबतात आणि पत्रक आलं की नवं पान काढतात.

बाकीच्या लोकांना पाहुण्यांची गावं पाठ असतात, तशी भाऊंना विद्यापीठं पाठ. ते त्यांना नावानं ओळखतच नाहीत, गावानं ओळखतात. "कालिना ७१ सालचं, मैदानगढी ८५ चं, गोवर्धन ८९ चं." म्हणजे मुंबई विद्यापीठाची दूरशिक्षण संस्था, दिल्लीचं इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ आणि नाशिकजवळचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ. सगळ्यात जास्त राग कालिन्यावर. कारण 'जाऊन' शिकायचे वर्ग आणि 'बसून' शिकायचं ऑफिस, दोन्ही विद्यानगरीच्या एकाच आवारात. कागदी फॉर्मांच्या काळात घरी बसून शिकायचं असलं तरी आधी जाऊन रांगेत उभं राहावं लागायचं. भाऊ त्या रांगेत तीनदा उभे राहिले. तिन्ही वेळा दुसऱ्यांचे फॉर्म घेऊन.

पिग्मीवाल्याचं एक असतं, तो रोज प्रत्येकाच्या दारात जातो. वीस-तीस रुपये घ्यायचे, मशीनमधून पावती फाडायची आणि दोन शब्द बोलायचे. इतर एजंट पावसापाण्याचं बोलतात. भाऊ पावती उलटी करतात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर बॉलपेननं पात्रता, शेवटची तारीख आणि लागणारे कागद लिहून देतात. थर्मल कागदावरचा पुढचा छापील आकडा दोन-तीन महिन्यांत उडून जातो, पण मागचं बॉलपेन राहतं. त्यामुळे पिग्मीत किती जमलं हे विसरलेली, पण टीसी, मार्कशीट आणि मायग्रेशन मुखोद्गत असलेली माणसं या रस्त्यावर बरीच भेटतात.

वहीत दुसऱ्यांचीही पानं आहेत, पण दुसऱ्याचा निर्णय द्यायला भाऊंना ती उघडावी लागत नाही. मुरबाड एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करणारा पोरगा आला, की ते वेळ लावत नाहीत. "बसून. पाळी बदलली तरी लेक्चर रेकॉर्डेड असतं." आश्रमशाळेत स्वयंपाक करणारी बाई आली, तर आधी अभ्यासकेंद्र कुठलं ते विचारतात. "रविवारचा संपर्कवर्ग असला तर तेवढं जाऊन. बाकी सगळं बसून. तेवढाच एक दिवस कोणी भाकरी मागणार नाही." एकदा आटगावच्या एका मुलाला मात्र त्यांनी घरी बसू दिलं नाही. मुलगा हुशार होता, फी कमी म्हणून ऑनलाइन एम. कॉम. करणार होता. भाऊंनी फक्त विचारलं, "घरात दिवसभर कोण कोण असतं?" मुलानं सांगितलं. "मग तू लोकलचा पास काढ. तुला एम. कॉम. कमी आणि घराबाहेर पडणं जास्त गरजेचं आहे." शहापुरातल्या शिक्षणतज्ज्ञांच्या भाषणांपेक्षा हे एक वाक्य मला जास्त पटतं. कॉलेजात न शिकवलेलंच माणूस जास्त शिकतो, आणि ते शिकायला कॅन्टीनचा बाक लागतो. तो अजून कुठल्या ॲपमध्ये आलेला नाही.

एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तो दिवस १७ मार्च २०२३. त्या रात्री भाऊंनी मुलींच्या पानांवरचे 'जाऊन'चे सगळे हिशोब खोडून पुन्हा मांडले. मुरबाडला अजून रेल्वे नाही, त्यामुळे तिथल्या पानांवर 'रेल्वे आल्यास' असा वेगळा उपरकाना आहे. निवडणूक जवळ आली की भाऊ तो पेन्सिलीनं भरतात. धसईला डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर केलं, तेव्हा पतसंस्थेतल्या सगळ्यांना पिग्मीची काळजी पडली होती. भाऊंनी 'बसून'खाली लिहिलं, 'धसईत कार्ड चालतं तर लेक्चर का नाही?' आणि पुढच्याच आठवड्यात त्याखाली, 'रेंज पाहून ठरवणे'.

फसवणारे एजंट भाऊंना टरकून असतात. "परीक्षा नाही, हजेरी नाही, सहा महिन्यांत डिग्री" असं सांगणारा एक सुटाबुटातला गृहस्थ सरळगावच्या बाजारात आला होता. भाऊंनी त्याला चहा पाजला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत या वर्षी, या अभ्यासक्रमाला मान्यता आहे का, एवढंच विचारलं. नुसत्या विद्यापीठाच्या नावाला मान्यता असून चालत नाही हे त्या गृहस्थाला बहुधा पहिल्यांदाच कळलं. इंजिनिअरिंग, नर्सिंग, फार्मसी, वकिली यातलं काही बसून होत नाही, आणि पीएचडी तर नाहीच, हेही भाऊंनी वर ऐकवलं. गृहस्थ चहा अर्धा टाकून उठला. त्या दिवसापासून बाजारात भाऊंना भाजीचा मसाला फुकट मिळतो.

परीक्षेची गोष्ट सांगायलाच हवी. शेजारच्या वाडीतल्या एका मुलीची ऑनलाइन परीक्षा होती, कॅमेरा चालू ठेवून द्यायची. खोलीत दुसरं माणूस नको, हा नियम. भाऊंनी स्वतः बंदोबस्त केला. कोंबड्या कोंडल्या, शेजारचा मिक्सर बंद करवला, मुलीच्या आजीला देवळात पाठवलं. पेपर सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच स्क्रीनवर इशारा आला, खोलीत दुसरी व्यक्ती दिसते आहे. मुलीनं घाबरून मागे पाहिलं तर मान फिरवल्याबद्दल दुसरा इशारा. दुसरी व्यक्ती म्हणजे भिंतीवरच्या फोटोतले हार घातलेले आजोबा! चौथीतून शाळा सोडलेल्या त्या माणसावर मरणोत्तर कॉपीचा संशय आला होता. भाऊ खिडकीतून ओणवे झाले आणि बाहेरूनच काठीनं तसबीर भिंतीकडे तोंड करून फिरवली. देवळातून परत आल्यावर आजीनं जे काही ऐकवलं, ते वहीत 'बसून'खाली 'इतर खर्च' म्हणून नोंदलं आहे.

असं सगळं छान चाललेलं असताना मध्येच २०२२ साल उजाडलं. एप्रिलमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं परवानगी दिली, की एकाच वेळी दोन पदव्या करता येतील. वेळा एकमेकांवर येत नसतील तर दोन्ही वर्गात बसून, नाहीतर एक वर्गात आणि एक ऑनलाइन, किंवा दोन्ही ऑनलाइन. त्याच वर्षी सप्टेंबरात आयोगानं हेही स्पष्ट केलं, की मान्यताप्राप्त विद्यापीठाची दूरशिक्षणाची किंवा ऑनलाइन पदवी ही वर्गातल्या पदवीच्या बरोबरीची आहे. दोन्ही कागद भाऊंनी प्रिंट काढून वाचले. म्हणजे जाऊनही करता येतं आणि बसूनही, आणि शेवटी दोन्हीची किंमत सारखीच. इतक्या वर्षांच्या वहीच्या मधली रेघच आयोगानं पुसली होती. त्या दिवशी किन्हवलीपर्यंतची पिग्मी झाली, पुढची राहिली. टपऱ्यांवर लोक उगाच काळजी करत बसले, कोणी म्हणालं भाऊंचं बीपी वाढलं असेल.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले ते ताजेतवाने. वहीत तिसरा रकाना पडला होता, 'दोन्ही'. आणि त्याच्याखाली नवा प्रश्न: 'दोन्हींपैकी आधी कोणती?'

भाऊंच्या पावत्यांवर शिकून गेलेले आता पुष्कळ झालेत. कोणी तलाठी परीक्षेत पास झालंय, कोणी शहापूरच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतंय. सरळगावच्या नाक्यावर चहा विकणाऱ्या मामी मुक्त विद्यापीठातून मराठीत एम. ए. झाल्या. रीतसर, दोन वर्षांत, भट्टीवर पुस्तक टेकवून. त्यांच्या पुस्तकांच्या कडा दुधानं चिकटलेल्या असायच्या. भाऊ त्यांच्याकडे रोज वीस रुपये घ्यायला जातात आणि चहाचे दहा देतात. यंदा जूनमध्ये मामींनीच मनावर घेतलं. "भाऊ, बास झालं. मोबाईल द्या इकडं, फॉर्म मी भरते."

आता फॉर्म भरायचा म्हणजे आधी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाचा आयडी काढावा लागतो. २०२४ पासून त्याशिवाय दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशच होत नाही. त्याच्याही आधी क्रेडिट बँकेचा आयडी, आणि त्याला आधारकार्ड. भाऊंनी हे शंभर जणांचं केलंय, पण स्वतःच्या आधारवर वडिलांचं नाव कसं छापलंय ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. ते मात्र नेमकं दहावीच्या मार्कशीटशी जुळलं. मामींनी भराभर माहिती भरली. नाक्यावरची चार माणसं चहा हातात धरून उभी राहिली. ओटीपी आला.

"सांगा भाऊ."

"चार... सात... शून्य... दोन..." भाऊ थांबले. "मामी, एक मिनिट. विषय मराठी घ्यावा की अर्थशास्त्र?"

"विषय नंतर विचारतात हो, आधी आकडे!"

"तसं नाही. मराठी बसून होईल. अर्थशास्त्राला मात्र जाऊन..." आणि त्यांनी वही काढली.

वही प्लास्टिकच्या दोन पिशव्यांतून बाहेर येईपर्यंत ओटीपीची मुदत संपली. मामींनी कपाळावर हात मारला आणि विचारलं, "दुसरा मागवू?"

"आत्ता नको, गिऱ्हाईक खोळंबलंय तुमचं," भाऊ म्हणाले आणि पिग्मीचं मशीन पुढं केलं. "आणि जानेवारीचं सत्र असतंच की!"