माझ्या वयाचे १०० पुरुष

सुरकुत्यांच्या बाबतीत माझ्या वयाच्या १०० पुरुषांतल्या ६१ जणांपेक्षा मी सरस आहे. हे मी म्हणत नाही, यंत्र म्हणतं. चेहऱ्यावरच्या छिद्रांबद्दल तेच यंत्र काय म्हणतं, ते इथे सांगायची गरज नाही.

खरं तर वांग हिच्या गालावर होता. मी नुसता सोबतीला गेलो होतो. पण त्या दवाखान्यातली काउन्सेलर मुलगी म्हणाली, 'सर, तुमचंही स्कॅन करून टाकू या ना,' आणि पुढे जोडलं, 'वय अजिबात वाटत नाही हं तुमचं.' या वाक्यावर मी मागे एकदा विम्याची पॉलिसीसुद्धा घेतलेली आहे. लगेच बसलो.

केसांवर पट्टा, गळ्याभोवती काळं कापड, हनुवटी खोबणीत, डोळे मिटलेले. मग दिवे लखलखले. आधी साधा उजेड, मग कातडीवरची चकाकी गाळून आतला रंग दाखवणारा, शेवटी अतिनील. पडद्यावर माझ्या एका तोंडाची अनेक तोंडं झाली. एकात नुसता लाल रंग, म्हणजे रक्तवाहिन्या; एकात नुसता तपकिरी, म्हणजे मेलॅनिन. रावणाला दहा तोंडं होती, पण त्यातलं एकही इतकं ठिपकेदार नसावं. अतिनील फोटोत नाक नारिंगी चमकत होतं. छिद्रांत राहणारे जिवाणू पॉर्फिरिन नावाचं द्रव्य सोडतात, ते या उजेडात चमकतं. जन्मभर नाकाला जपत आलो, आणि नाकावर हे बिनभाड्याचे बिऱ्हाडकरू!

कॅमेरा पूर्वी असा नव्हता. आमच्या कोल्हापुरात फोटो काढणारा एक आणि रिटचर दुसरा. रिटचर मागच्या खोलीत उतरत्या डेस्कापाशी बसायचा. निगेटिव्हच्या मागून उजेड, डोळ्याला भिंग, हातात सुईसारखं टोक काढलेली पेन्सिल. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे पारदर्शक ठिपका होऊन बसतो. त्यावर पेन्सिलीचे बारीक स्वल्पविराम भरत गेलं, की छापल्यावर डाग गायब. काळं फासून माणसाला उजळवायची ही विद्या दुसऱ्या कुठल्या धंद्यात नसेल. त्याचा प्रश्न एकच असायचा, 'स्थळाला पाठवायचाय का नोकरीला?' नोकरीच्या फोटोत तो दोन-चार डाग मुद्दाम ठेवायचा. माणूस कष्टाळू वाटतो म्हणे. स्थळाच्या फोटोत मात्र हात सैल सोडायचा. माझ्या फोटोत त्यानं मुरमांबरोबर कपाळावरची आठीही बुजवली. हिनं होकार दिला तो त्या पेन्सिलीला. संसार केला माझ्याशी. यंत्राबद्दल बोलायचंय हे माझ्या लक्षात आहे, पण त्या माणसाचं अजून एक सांगतोच. तो स्वतः कधी फोटोला बसत नसे. कारण विचारलं की म्हणायचा, 'माझं रिटचिंग कोण करणार?'

म्हणजे तेव्हा झाकायचे पैसे घ्यायचे. आता उघडं पाडायचे घेतात आणि झाकायचे वेगळे. त्याला पॅकेज म्हणतात.

मला राग आला तो मात्र त्या १०० पुरुषांचा. कोण हे? 'सेम एज, सेम जेंडर, सेम स्किन टाइप, सर.' कातडीचे हे टाइप हार्वर्डच्या थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये पाडले, अतिनील किरणांच्या उपचारात कुणाला किती मात्रा द्यायची ते ठरवायला. सुरुवातीला चारच होते, चारही गोऱ्यांचे. सावळे आणि काळे, पाचवे आणि सहावे म्हणून मागाहून आले. तेही ठीक. मी विचारलं, 'या शंभरात कुणी ट्रक चालवणारा आहे का?'

'डेटाबेस आहे, सर,' ती म्हणाली.

माझे वडील मालट्रक चालवायचे, कोल्हापूर–पुणे. सकाळी निघायचे तेव्हा तोंड उत्तरेला, सूर्य उजवीकडे. दुसऱ्या दिवशी माल भरून दुपारी परत फिरायचे तेव्हा तोंड दक्षिणेला, सूर्य पुन्हा उजवीकडेच. आणि आपल्याकडे स्टिअरिंगही उजव्या बाजूला. अतिनीलातला 'ए' जातीचा किरण काचेलाही जुमानत नाही. इथे तर काच कायम खाली. २०१२ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये ६९ वर्षांच्या एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं ट्रक चालवून त्याचा खिडकीकडचा, म्हणजे तिकडे डावा, गाल घड्या पडून लोंबत होता आणि दुसरा बराच तरुण राहिला होता. जगभर त्या फोटोचं केवढं नवल झालं! आमच्याकडे तो गाल दिवसाआड रात्री पाटावर जेवायला बसायचा. आई म्हणायची, 'उजवीकडनं मामंजी दिसतात, डावीकडनं हे.' वडील हसायचे, आणि हसले की उजवीकडे जास्त घड्या पडायच्या.

शाळेच्या सुट्टीत मीही बरोबर जायचो. क्लीनरच्या बाजूला, डावीकडे बसायचो. तिकडे सावली असायची.

मुलगी पडद्यावर माझे दोन्ही गाल शेजारी शेजारी ठेवून मोठे करून बघत होती. 'सर, सन डॅमेज तुमच्या वयाला खूपच कमी आहे,' ती म्हणाली. 'जेनेटिक असेल.'

एरवी अशा वाक्यावर मी चहा मागवला असता. तिनं एक सनस्क्रीन लिहून दिलं, दर दोन तासांनी लावायचं, आणि बजावलं, 'प्रवासात शक्यतो खिडकीची जागा टाळा.' मी तिला वडिलांबद्दल काही सांगणार, एवढ्यात हिनं माझ्या गळ्याचं काळं कापड सोडलं, मला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतःची हनुवटी खोबणीत ठेवली.