बंदूक वजा जाता

हैदराबादेत हरणाच्या शिकारीसाठी मध्यम बजेट असा प्रकार कधी नव्हताच. एक तर माणूस निजाम असायचा, नाही तर रानात हाका करणारा. सहावे निजाम मीर महबूब अली खान नेमबाजीसाठी प्रसिद्ध. त्यांच्या शिकारीच्या मुक्कामाला तंबू, हत्ती, आचारी आणि फोटो काढायला राजा दीनदयाळ. १९०२ साली लॉर्ड कर्झन वरंगळजवळ नेकोंड्याला वाघ मारायला आले, तेव्हाही कॅमेरा दीनदयाळांचाच. काळविटासाठी तर दुर्बीण लागतच नसे, त्यासाठी चित्ता पाळत. आपल्या कोल्हापूरच्या छत्रपतींकडेही चित्ते होते आणि इथले संपत आले तेव्हा त्यांनी आफ्रिकेतून मागवले. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीत घालून माळावर न्यायचा, काळवीट दिसले की टोपी काढायची आणि बाजूला व्हायचे. भिंग पुसायला नको, नेम धरायला नको. रोजच्या मटणाचा खर्च तेवढा असायचा.

अशा या शहरात, काचिगुड्याच्या दोन खोल्या आणि बँकेचे पेन्शन यांवर सुखाने जगणाऱ्या मला इन्व्हर्नेसहून भाच्याचा निरोप आला: ‘मामा, हरणाच्या शिकारीसाठी रायफलीवर बसवायची दुर्बीण घ्यायची आहे. बजेट मध्यम. तुम्ही सांगाल ती.’ मी आयुष्यात बंदूक धरली ती फक्त नुमाइशीत, फुगे फोडायला. पण बँकेत जन्मभर कर्जे मंजूर केल्यामुळे दुसऱ्याचे पैसे कुठे घालावेत हे मला कळते, अशी आमच्या घराण्यात समजूत आहे. ती मोडण्यात माझा काही फायदा नाही.

हा भाचा स्कॉटलंडला गेला तो चिलकूरच्या बालाजीच्या कृपेने. या व्हिसा बालाजीला आधी ११ प्रदक्षिणा घालून मागणे मागायचे आणि काम झाले की १०८ घालून फेडायचे. त्यातल्या बऱ्याचशा माझ्या बहिणीने त्याच्या वतीने घातल्या. चिलकूरलाच मृगवनी राष्ट्रीय उद्यान आहे, चितळांचे. म्हणजे चितळांच्या शेजारी फेऱ्या मारून मिळवलेला व्हिसा हरणांच्याच मुळावर उठला. बहिणीने फोनवर त्याला झाडला. तो म्हणाला, “आई, इथे लांडगे कधीच संपले. हरणे इतकी झाली आहेत की नवे झाड वर येऊ देत नाहीत. २०२३ पासून नरांच्या शिकारीची बंदीसुद्धा उठवली, आता बाराही महिने मुभा. सरकारच म्हणते मारा.” बहीण म्हणाली, “सरकार रोज व्यायाम करा असंही म्हणतं. तो करतोस का?”

इथे आपले सरकार बरोबर उलटे म्हणते आणि १९७२ पासून म्हणते. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मारले तर ३ ते ७ वर्षे कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये. नुसता दंडच मध्यम बजेटच्या बाहेर जातो, वकील वेगळा. जोधपूरजवळच्या कांकाणीचे १९९८ चे काळवीट-शिकारीचे प्रकरण शिक्षेपर्यंत पोचायला २०१८ उजाडले आणि तिथून ते अपिलात गेले. खटला लग्नाच्या वयाचा झाला; आरोपीबद्दल मी काही बोलत नाही.

असो. भाच्याने तीन आकडे पाठवले होते: ३-९×४०, ६×४२ आणि ८×५६. मी वही काढली. पहिला आकडा म्हणजे वस्तू किती पट जवळ दिसणार, दुसरा म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी निघते. ८×५६ मध्ये तो झोत ७ मिलिमीटरचा. अंधारात तरुण माणसाची बाहुली साधारण ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. साठी ओलांडली की तीच पाचाच्या आसपास अडते. याचा अर्थ असा की ८×५६ मी घेतली तर बाहेरचा दोन मिलिमीटर उजेड माझ्या बुबुळावर आपटून फुकट जाणार आणि बिल मात्र अख्ख्या ५६ चे येणार. दुर्बिणीच्या दुकानात ज्येष्ठ नागरिकांना सवलत नसते हे ठाऊक होते, पण जादा आकारणी असते हे तेव्हा कळले.

शिवाय अक्षांशाचा हिशेब आहे. इन्व्हर्नेस ५७ अंशांवर. तिथे सूर्य क्षितिजाशी तिरका घसरतो, त्यामुळे उन्हाळ्यात संधिप्रकाश तासतासभर रेंगाळतो आणि नेमकी त्याच वेळी हरणे बाहेर पडतात. उजेड पिणारे मोठे भिंग तिथे कामाचे. आपण १७ अंशांवर. सूर्य सरळ खाली उतरतो आणि वीस-पंचवीस मिनिटांत दिवे लावावे लागतात. त्याआधीच उद्यानाचा चौकीदार शिट्टी वाजवत आपल्यामागे लागलेला असतो. शिट्टीला ४० काय आणि ५६ काय.

भाच्याचा जीव ३-९ वर होता. “मामा, सगळे हीच घेतात.” मी म्हटले, “सगळे घेतात म्हणून काढलेल्या कर्जांची एक यादी माझ्याकडे आहे, पाठवू?” त्याच पैशांत कमी-जास्त होणारी दुर्बीण घेतली की पैसे फिरणाऱ्या भागांत वाटले जातात आणि काचेच्या वाट्याला उरलेसुरले येतात. तू रविवारी पोटावर सरपटत शंभर मीटरपर्यंत जातोस, असे तूच सांगतोस. मग नऊपट कशाला? शंभर मीटर भागिले सहा, म्हणजे हरीण आमच्या गॅलरीतून समोरच्या गॅलरीइतके जवळ. स्थिर ६×४२ घे आणि नवी न घेता हातबदल झालेली जुनी जर्मन घे. बंदुकीच्या धक्क्याला टिकलेली वस्तू पुढेही टिकते. फक्त डोळा काचेपासून नऊएक सेंटिमीटर लांब राहील अशी बसव, नाही तर बार उडताच तिची कड भुवईवर येते आणि कायमची चंद्रकोर उमटते. ती आपल्याकडे बायका रोज लावतात, पण टाके न घालता.

त्याने घेतली. आता खूश आहे. एकदा मात्र कुरकुरला की दुर्बीण अजून भारी हवी होती. मी त्याला आमच्या हैदराबादच्या गगन नारंगचे नाव सांगितले. २०१२ मध्ये लंडनला एअर रायफलचे कांस्यपदक. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचे ५० मीटरमधले. दोन्ही दुर्बिणीशिवाय, कारण त्या स्पर्धांत रायफलीवर दुर्बीण चालतच नाही. बारीक भोकातून बघायचे. भाचा गप्प झाला.

एवढी विद्या वाया जाऊ द्यायची नाही म्हणून मी स्वतःसाठी दुर्बीण घ्यायचे ठरवले. बंदूक वजा केली की उरते ते बघणे, आणि त्याला कलम लागत नाही. बजेट दहा-बारा हजार. घरी चाचपणी करताना सहज म्हटले, “सगळ्यात उत्तम म्हणजे स्वारोव्स्की.” हिचा चेहरा उजळला. “अगंबाई! घ्या ना, मी कधीची म्हणतेय.” दागिन्यांचे खडे आणि दुर्बिणी यांचे घराणे एकच. दुर्बिणींची कंपनी १९४९ साली ऑस्ट्रियातल्या आब्सामला निघाली आणि चांगल्या जोडीला आज लाखांत मोजावे लागतात. हे सांगेपर्यंत ही शेजारी बातमी देऊन आली होती.

मग आबिड्‌सच्या बाजूला एका दुकानात गेलो. मालकाने काळी, जाडजूड वस्तू पुढे सरकवली. “सौ गुना है साब. गोलकोंडे पे खडे होके चारमिनार देखलो.”

“मेरेकू हिरन देखना है.”

“हौ, हिरन बी दिखता. कायकू नै दिखता?”

आता शंभरपट जवळ आणणारी वस्तू हाताचा थरथराटही शंभरपट करते. दहाच्या वर गेलात की तिकाटणे लागते आणि मला तर चहाच्या आधी दहालाही लागते. मी पायरीवर येऊन मोअज्जम जाही मार्केटच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाकडे ती रोखली. तबकडीच्या कडेला जांभळी झालर आणि दोन मनोरे, एक किंचित वर. “इसमें दो दिखरे.” मालक शांतपणे म्हणाला, “एक के पैसे में दो दिखरे साब, और क्या होना?”

शेवटी घेतली ती दुसऱ्या दुकानातून, साधी ८×४२. भागाकार सव्वापाच, म्हणजे माझ्या बाहुलीच्या मापाची. चष्मा न काढता पूर्ण गोल दिसतो, उजव्या डोळ्याचा नंबर फिरवून जुळवता येतो आणि आत पाणी शिरत नाही.

पहिला मान महावीर हरिण वनस्थळीचा. विजयवाडा रस्त्यावरचे हे रान निजामाचे शिकारीचे, आणि १९७५ मध्ये महावीरांच्या २५०० व्या निर्वाण वर्षानिमित्त त्याला अहिंसेच्या देवाचे नाव दिले. आमच्या मराठी मंडळींचा जथा बरोबर निघाला. काळविटाची नजर तीक्ष्ण, पण लाल-केशरी त्याला नीट कळत नाही आणि निळा स्वच्छ दिसतो, असे मी आदल्या दिवशी सगळ्यांना बजावले होते. म्हणून सगळे निळ्या जीन्समध्ये आले. त्यांतले एक निवृत्त मास्तर मोठ्याने सांगू लागले की काळवीट मुळात हरीणच नव्हे, चितळाची शिंगे गळून नवी येतात, याची जन्मभर तीच राहतात. ते हे सांगत असताना एका वहिनींनी चिवड्याची पिशवी उघडली. कोरड्या गवतापलीकडे एक नर उभा होता, वर काळा, पोट पांढरे, पीळदार शिंगे मागे टाकलेली. पिशवीच्या आवाजाने त्याने मान वळवली आणि तीन उड्यांत नाहीसा झाला. त्या तीन उड्या मी आठपट जवळून पाहिल्या. दहा-बारा हजार तिथेच वसूल झाले.

खरे तर गच्चीबावलीला विद्यापीठाच्या आवारात चितळ दुर्बिणीशिवाय दिसायचे, वसतिगृहाच्या वाटेवर. २०२५ च्या मार्चअखेर शेजारच्या ४०० एकरांत बुलडोझर लागले, रात्रीही दिवे लावून झाडे पाडली, मोर ओरडत असल्याचे व्हिडिओ फिरले आणि ३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयाने काम थांबवले. चितळ हा तेलंगणाचा राज्यप्राणी आहे. त्याच्यासाठी या शहरात सध्या सर्वांत उपयोगी वस्तू कोर्टाचा हुकूम ही आहे आणि ती कुठल्याच बजेटमध्ये दुकानात मिळत नाही.

तुम्ही घेणार असाल तर ८×४२ घ्या, चष्मा लावून दुकानाबाहेर उजेडात बघा आणि ‘सौ गुना’ म्हणणाऱ्याला लांबूनच सलाम करा. माझी उसनी मागू नका. ती हिने सध्या समोरच्या गॅलरीच्या अभ्यासासाठी घेतली आहे.