गुलछडीची मुलगी का नसते?

फ्रान्समध्ये मुलींचे एक लाडके नाव आहे, कापुसीन. हे एका फुलाचे नाव. मूळचे दक्षिण अमेरिकेतले, केशरी-पिवळे, मागे टोकदार शेपटी असलेले हे फूल आपल्याकडे नर्सरीत नस्टर्शियम म्हणून मिळते. ती शेपटी कापुचिन पंथाच्या साधूंच्या टोपड्यासारखी दिसते, म्हणून फुलाला हे नाव पडले. म्हणजे आधी टोपडे, मग साधू, मग फूल आणि शेवटी मुलगी. जर्मेन लफेव्र नावाच्या अभिनेत्रीने स्वतःचे बरे चाललेले नाव टाकून हेच घेतले आणि 1963 च्या 'द पिंक पँथर'मधून ते जगभर पोचवले. फ्रान्सच्या सरकारने 1803 पासून संतांच्या आणि इतिहासपुरुषांच्या यादीबाहेरच्या नावांवर बंदी घातली होती. विसाव्या शतकात ती हळूहळू सैल झाली आणि 1993 मध्ये आईबापांना खरी मोकळीक मिळाली. पण मोकळीक मिळाली तरी सगळीच फुले पाळण्यात जात नाहीत. कोणते जाते आणि कोणते जात नाही, याचा निकाल माझ्या मते सुगंधावर, रंगावर किंवा अर्थावर लागत नाही, तराजूवर लागतो. जे फूल किलोने विकत घेतले जाते, ते मुलीचे नाव होत नाही.

पुरावा पिंपरीच्या मंडईत रोज सकाळी पाहायला मिळतो. झेंडूएवढे उपकार या औद्योगिक पट्ट्यावर दुसऱ्या कोणत्याही फुलाचे नाहीत. खंडेनवमीला भोसरीतल्या लेथपासून चाकणच्या फोर्कलिफ्टपर्यंत सगळे त्याच्या माळांत बुडालेले असते आणि लाखो रुपयांचे सीएनसी मशीन त्या दिवशी नवरदेवासारखे दिसते. तरीही 'आमची झेंडू दहावीला आहे' असे कोणी म्हणाल्याचे ऐकिवात नाही. झेंडूच्या वाट्याला फार तर आचार्य अत्र्यांच्या 1925 च्या विडंबनसंग्रहाचे मुखपृष्ठ आले. फ्रेंचांनीही झेंडूच्या भाऊबंदाला असेच वाऱ्यावर सोडले आहे. त्याला ते 'सूसी' म्हणतात, आणि त्यांच्या भाषेत याच उच्चाराचा दुसरा अर्थ काळजी असा होतो. पण माझा सर्वांत भक्कम साक्षीदार गुलछडी. गुलछडी आणि निशिगंध हे एकच फूल. मंडईत वजनकाट्यावर चढते तेव्हा ती गुलछडी, आणि बारशाच्या पत्रिकेवर छापली जाते तेव्हा निशिगंधा. फूल तेच, वासही तोच. फरक एवढाच की एका नावापुढे भाव लिहिता येतो आणि दुसऱ्यापुढे आडनाव.

यावर संस्कृतिप्रेमी म्हणतील, झेंडू पडला परदेशी. आपली मुळातली फुलेच नावे होतात. झेंडू मेक्सिकोचा आहे हे खरे, पण निशिगंधही तिकडचाच. नागरिकत्व तपासायचे तर दोघांनाही एकाच विमानाने परत पाठवावे लागेल. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शेवंती किलोनेच विकली जाते, मग शेवंता कुठून आली? ती आली परसातून. शेवंता हे नाव जोरात होते तेव्हा शेवंती घराच्या मागे उगवत होती, टेम्पोतून येत नव्हती. फूल परसातून मंडईत गेले आणि नाव घरातून मालिकेत. प्राजक्ता मात्र अजून टिकून आहे, कारण पारिजातकाचा व्यापार करण्याइतका उद्योगी माणूस सूर्योदयानंतर शिल्लक फूल दाखवू शकत नाही. जाई-जुईही बव्हंशी वजनापेक्षा गजऱ्यातच खपतात, आणि अबोली तर लडीने. गुलाबाचे काय, असे कोणी विचारेल. फ्रान्समध्ये रोझ हे नाव आज चांगलेच चलतीत आहे आणि गुलाब तिथे कमी विकला जात नाही. कबूल. पण तिथे गुलाब फूलवाल्याकडून नव्हे, तर लिमाच्या संत रोझकडून पाळण्यात आला. देवाची सही असेल तर तराजूही गप्प बसतो. आपल्याकडे कमळाने लक्ष्मीच्या वशिल्यावर कितीतरी कमल जन्माला घातल्या. बिनवशिल्याच्या गुलाबाचे मात्र आपण गुलाबराव करून टाकले आणि त्याला निवडणुकीला उभे केले.

तळेगाव दाभाड्याजवळ एमआयडीसीचे फ्लोरिकल्चर पार्क आहे. तिथल्या आणि मावळातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब व्हॅलेंटाइन डेसाठी परदेशी जातात. दांडीची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून, वीस-वीसच्या गड्ड्या बांधून. त्यातला लोकप्रिय लाल वाण 'टॉप सिक्रेट'. इतक्या प्रेमाने वाढवलेल्या फुलाचे नाव मुलीला ठेवायचे कोणत्याही मावळकराच्या मनात आलेले नाही, आणि शाळेची हजेरी डोळ्यांपुढे आणली तर ते बरेच झाले.

कोणी म्हणेल, हा नियम फुलांपुरताच असेल. तसे नाही, आणि याचा दाखला चाकणलाच आहे. मर्सिडीज हे मुळात एका मुलीचे नाव. फ्रान्सच्या नीस शहरात राहणारे एमिल येलिनेक हे ऑस्ट्रियन गृहस्थ डाइमलरच्या मोटारी विकत. 1889 मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलीचे नाव त्यांनी मोटारीला दिले; 1902 मध्ये ते व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले, आणि पुढच्या वर्षी बापाने स्वतःच्या आडनावालाही मर्सिडीज जोडून घेतले. आपल्याकडे मुलीमागे बापाचे नाव लागते, इथे बापामागे मुलीचे लागले, एवढा एक पुरोगामी भाग सोडला तर परिणाम व्हायचा तोच झाला. नावाला एक्स-शोरूम किंमत आली. आज चाकणमध्ये मर्सिडीज जोडली जाते, पण चाकणच्या बालवाडीत ती सापडणार नाही.

तेव्हा इथल्या एखाद्या हौशी जोडप्याने मुलीचे नाव कापुसीन ठेवायचे ठरवले, तर बागायतीच्या बाजूने माझी हरकत नाही. नस्टर्शियम मंडईत कोणी तोलत नाही. आजी 'कापूस' म्हणून हाक मारेल, तेही चालेल. कापूस मऊ असतो. अडचण वेगळी आहे. त्याच कापुचिन साधूंच्या तपकिरी झग्यावरून कॅपुचिनोलाही नाव पडले, म्हणजे ही या मुलीची सख्खी बहीणच. आणि तिचा दर वाकडच्या प्रत्येक कॉफीशॉपात फळ्यावर लिहिलेला असतो, तोही स्मॉल, मीडियम, लार्ज असा.