सात वाजताचा भोंगा

ज्याचे सारे आयुष्य बोईसरात, अणुभट्टीपासून हाकेच्या नव्हे तरी सायकलच्या अंतरावर गेले, त्याच्या मनात किरणांविषयी एक प्रकारचा कौटुंबिक जिव्हाळा उत्पन्न होतो. १९६९ साली तारापूरला देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले तेव्हा मी मराठी तिसरीत होतो. पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि वाऱ्याच्या वासावरून कोणता कारखाना चालू आहे हे सांगण्याची विद्याही आम्हांस विनासायास प्राप्त झाली. एवढे पचवलेल्या आमच्या सौभाग्यवतींना भीती वाटते ती मात्र नातवाच्या हातातल्या मोबाइलच्या किरणांची!

मी दप्तर उघडून बसलो. मोबाइलच्या लहरींत अणूमधले इलेक्ट्रॉन उखडण्याइतके बळ नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ साली त्यांना ‘संभाव्य’ या सदरात टाकले, म्हणजे पोलिसी भाषेत संशयित म्हणून केवळ नाव नोंदवले. खरी तक्रार डोळ्यांची, झोपेची आणि बैठकीची आहे. त्याच संघटनेने २०१९ साली दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यासमोर दिवसाकाठी फार तर एक तास मंजूर केला. आजोबांविषयी तिने मौन पाळले, याबद्दल मी तिचा ऋणी आहे.

नातवाचे वय आठ. पालघरला डोळे दाखवायला नेले तेव्हा डहाणू लोकलच्या डब्यात उमरोळी आले कधी आणि गेले कधी हे कोणालाच कळले नाही, कारण यच्चयावत माना खाली होत्या. नेत्रवैद्यांनी चष्मा लिहून दिला आणि मुलाला उघड्यावर खेळू द्या, दूरचे दिसेनासे होण्याचा विकार त्याने लांबणीवर पडतो, असे बजावले.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ साली एक फर्मान काढले होते: सायंकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास घरोघरचे मोबाइल आणि टीव्ही बंद. हाच अंमल आमच्या वसाहतीत बसवावा, असा अर्ज मी सोसायटीच्या सभेत गुदरला आणि, सभेस सहाच लोक हजर असल्यामुळे, तो एकमताने मंजूर झाला.

मे महिन्यातल्या एका सोमवारी बरोबर सातला पहारेकऱ्याने भोंगा वाजवला. परंतु सांगलीकडचा भोंगा आणि बोईसरचा भोंगा यांच्या अर्थात जो फरक आहे, तो माझ्यासारख्या जन्मजात बोईसरकराच्याही ध्यानात आला नव्हता. एका क्षणात साऱ्या गॅलऱ्या भरल्या, आणि ज्यांनी दिवसभरात मोबाइलला हात लावला नव्हता अशा वृद्धांनीही तो कानाशी धरला. ‘वायू सुटला की काय?’ ‘तारापूरला काही झालं का?’ पाच मिनिटांत विरारहून मेहुण्यांचा फोन आला, ‘दाजी, निघालात की नाही?’ हिने तोवर दागिन्यांचा डबा आणि रेशनकार्ड पिशवीत भरले होते.

हुकमाची तामिली केली ती एकट्या नातवाने. मोबाइल पालथा ठेवून, बॅट घेऊन तो खाली फाटकापाशी उभा होता. गोलंदाजीला कोणी येईना. अखेरीस मीच गेलो.

तिसऱ्या चेंडूला माझा खांदा धरला, तो अद्याप दुखतो. मुलाची प्रकृती उत्तम आहे.