सोफ्याखाली काय आहे?

मिनेसोटात दहा एकरांहून मोठी तळी 11,842 आहेत, असं तिथलं सरकार सांगतं. एवढं पाणी आणि मुलाकडे साधी बोट नाही, ही गोष्ट नाशिकहून उन्हाळ्यापुरत्या आलेल्या बाबांच्या जिवाला लागली. नवी परवडणारी नव्हती, म्हणून जुनी पाँटून बघायला निघालो. अ‍ॅल्युमिनियमच्या दोन जाडजूड बंद नळ्या, वर प्लायवूड, त्यावर कार्पेट, कठडा, सोफे आणि मागे लटकवलेलं इंजिन. थोडक्यात, तरंगता दिवाणखाना.

पहिली मिनेटोंका तळ्यावर, धक्क्याला बांधलेली. सोफे पांढरेशुभ्र, स्पीकरभोवती निळे दिवे. पोरं चपला भिरकावून आडवीच झाली. आईनं सोफ्याची शिवण उलटून पाहिली, फोम दाबला आणि निकाल दिला, "हीच घ्या."

"अरे, ही डावीकडे कललीय का?" बायकोनं हळूच विचारलं.

मालकानं डावीकडे पाहिलं. तिथे आई बसली होती. तो काही बोलला नाही, नुसता अदबीनं हसला. त्या हसण्याचा अर्थ आईला इंग्रजीशिवाय कळला. ती ताडकन उठून धक्क्यावर गेली. बोट होती तशीच कललेली.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. इस्त्रीच्या पँटीसकट ते धक्क्यावर पालथे पडले आणि बोटांच्या पेरांनी नळ्या ठोकू लागले. उजवी ठणठण वाजली. डावी भद्द. "पाणी शिरलंय," बाबा पालथ्यानंच म्हणाले. नळीला आत कप्पे असतात, त्यामुळे एखादा भरला म्हणून बोट लगेच बुडत नाही. पण वेल्डिंग कुठे उसवलंय हे शोधत बसावं लागतं. निळ्या दिव्यांचा भाव मालकानं आधीच किमतीत धरला होता.

दुसरी बोट रिचमंडला. सेंट क्लाउडपर्यंत हमरस्ता, पुढे 23 नंबरचा रस्ता, दुतर्फा मका. गाव चिमुकलं, पण पाँटूनवाल्यांचं हे पंढरपूरच. अ‍ॅम्ब्रोज वीअर्स नावाच्या इथल्याच गृहस्थानं 1952 साली लोखंडी पिंपांवर लाकडी फळ्यांचा मंच बसवून पाण्यात सोडला आणि त्यातून हा सगळा धंदा उभा राहिला.

इथला मालक म्हातारा शेतकरी. बोट ट्रेलरवर होती. आम्ही काही विचारायच्या आत त्यानं सुरुवात केली. हा सोफा उंदरांनी खाल्लाय. इथे तळ मऊ झालाय, पाय जपून. पेट्रोलचा काटा खोटं बोलतो.

"इतकं खरं बोलतोय," बाबा माझ्या कानाशी लागले, "म्हणजे मोठं काहीतरी लपवतोय."

म्हाताऱ्यानं इंजिनच्या खालच्या अंगाचा स्क्रू आपणहून सैल केला आणि तेलाचे चार थेंब बोटावर घेऊन दाखवले. तेल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय असं समजायचं. मिनेसोटाच्या हिवाळ्यात ते गोठलं की गिअरचं कवच तडकतं. थेंब नितळ होते. दोन्ही नळ्या ठणठणीत वाजल्या. वर एक वही निघाली, हिवाळ्याआधी दरवर्षी इंजिनचं काय काय केलं त्याच्या नोंदींची. माझं मत तिथेच ठरलं. सोफे कोणीही शिवून देतो. इंजिन आणि नळ्या धड असलेली बोट जुन्या बाजारात सहसा मिळत नाही. आई मात्र उंदरांपाशीच अडली होती.

बाबांनी घसा साफ केला. घासाघिशीची तयारी ते सेंट क्लाउडपासून करत होते. तेवढ्यात म्हातारा म्हणाला, छताचं कापड फाटलंय, तेव्हा चारशे डॉलर कमी द्या.

बाबांचा चेहरा पडला. तरी त्यांनी नेट धरला. लाइफ जॅकेट? इथल्या कायद्यानं ती माणशी एक लागतात. म्हाताऱ्यानं कोठारातून ढीगभर आणून टाकली. नांगर? दिला. दोर? हवे तेवढे. शेवटचं अस्त्र म्हणून बाबांनी ट्रेलरचं जादा चाक मागितलं. तो दोन चाकं ढकलत आला.

बाबा उंदरांनी खाल्लेल्या सोफ्यावर मट्‌कन बसले. "चल, दे पैसे," मला म्हणाले, "या माणसाशी व्यवहार करण्यात काही राम नाही."