जुनी रायफल, नवा सिलिंडर

"वहिनी, तुमच्या पोरीनं बंदूक आणली म्हणं घरात?"

"बंदूक न्हवं ओ काकू, एअर रायफल. दहा मीटरची. कुणी पसरवलं हे?"

"दूधवाला सांगत होता. लायसन काढलं का?"

"हिला लागत नाही. साडेचार मिलिमीटरचं बोअर आणि वीस ज्यूलच्या आतली ताकद असली की सूट आहे. कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे 2024 ला पॅरिसहून ब्राँझ घेऊन आला ना, त्याचा प्रकार 50 मीटरचा. त्या रायफलीला लायसन लागतं, गोळ्याबी महाग. आमची हवेवरची."

"केवढ्याला पडली?"

"नवी जर्मन घ्यायची तर दोन लाखांच्या पुढं. आमचं कुठलं तेवढं? जुनी घेतली. एका मुलीचं लग्न ठरलं, तिनं खेळ सोडला."

"रुईकर कॉलनीतली का? सासरच्यांनी सोडायला लावला म्हणत होते."

"नाव नाही घ्यायचं ठरलंय, काकू. पण तुमचं बरोबर आहे."

"तरीच! आणि जुनी म्हणजे कुणी फसवलं असतं तर?"

"म्हणून तिला शिकवणाऱ्या सरांना घेऊन गेलो. सर म्हणाले, लाकडी का ॲल्युमिनियमची ते बघूच नका. आधी नळी आणि ट्रिगर. ती दोन खराब निघाली तर रायफलीचे पैसे पाण्यात. दस्ता, गालाची पट्टी, साइट सगळं मागनं बदलता येतं. मग रायफल शिकंज्यात आवळली आणि दहा मीटरवर पाच छर्रे मारले. कागदाला एकच भोक! दुसऱ्या डब्यातले मारले तर भोक पसरलं. कंपनी तीच, फक्त छर्‍याचं डोकं 4.49 चं होतं का 4.50 चं, एवढाच फरक."

"एवढ्याशानं काय होतंय?"

"दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो. साठ छर्रे मारायचे, त्यात दशांशाची मोजणी, एका छर्‍याला जास्तीत जास्त 10.9. म्हणून नळीला मानवणारे छर्रे सापडले की त्याच नंबरचे चार-पाच डबे घेऊन ठेवायचे. मी त्यासाठी बिशीचे पैसे उचलले. ह्यांना अजून सांगितलं नाही."

"माझ्या तोंडून नाही जायचं. मग सगळं जुनंच घेतलं?"

"जॅकेट जुनं, पँट जुनी. सिलिंडर तेवढा नवा. त्याच्यावर तारीख असते. दहा वर्षं झाली की हवा धरत असला तरी स्पर्धेत चालत नाही. विकणाऱ्या मुलीच्या सिलिंडरला अकरावं लागलेलं. पोरगी सरळ, आपणहून बोलली, तेवढे पैसे कमी केले."

"तुमचे भावजी शिरोलीला एमआयडीसीत फिटर आहेत की. त्यांच्याकडनं घ्यायचं करून."

"तेबी म्हणाले, आतले रबराचे रिंग मीच बदलतो. मी हात लावू दिला नाही. दोनशे बारची हवा आहे ओ, कुकरची शिट्टी न्हवं! ते काम जाणत्याकडं दिलं. भावजी दोन दिवस फुगून होते. मग रायफलीला लावायची पितळेची वजनं करायला सांगितली, तवा खुलले. लेथवर अशी सुरेख काढलीत! रायफलीचं वजन साडेपाच किलोपर्यंत चालतं, पण पोरीचा खांदा बघून आम्ही साडेचारवर थांबलो."

"आणि कोपऱ्यावरच्या डॉक्टरांच्या पोराची निळी रायफल बघितली का? पेटीसकट मिरवत नेतो."

"बघितली की. नवीकोरी. पण दस्ता कंपनीतनं आला तसाच, गालाची पट्टी तशीच. पोरगं बगळ्यागत मान ताणून साइटीतनं बघतंय. पंधरा मिनिटांत मान आखडली की काय नेम धरणार? आणि एवढ्या रायफलीत छर्रे घालतंय सगळ्यात स्वस्तातले."

"डॉक्टरीणबाई तर सांगत होत्या, तेजस्विनी सावंतसारखी रायफल आहे म्हणून."

"तेजस्विनीनं 2010 ला म्युनिकला जगज्जेतेपद घेतलं ते 50 मीटर प्रोनमध्ये. ती रायफलच वेगळ्या जातीची. बाईंना कोण सांगणार?"

"तुमची रोज पुसून ठेवते का?"

"पुसणं राहू दे, रोज स्क्रू तपासते. बीजिंगला 2008 मध्ये फायनलच्या आधी अभिनव बिंद्राचे सरावाचे छर्रे भलतीकडंच जायला लागले होते. साइट हललेली. त्यानं उभ्या उभ्या क्लिक फिरवून जागेवर आणली आणि सुवर्ण घेतलं. हे सरांनी सांगितल्यापासनं पोरगी ॲलन-की उशाशी घेऊन झोपते."

"बाई गं! मग डॉक्टरांच्या पोराला कुणी सांगायला नको का हे?"

"तुम्ही काही बोलू नका, काकू. पोरगं कंटाळलंय, आता गिटार पाहिजे म्हणतंय. दिवाळीपर्यंत विकायला काढतील."

"मग?"

"मग काय! नळी एक नंबर आहे. माझ्या बहिणीचा पोरगा सातवीला आहे."

"अस्सं! मग डॉक्टरीणबाईंना गिटारच्या क्लासचा पत्ता देऊन येऊ का?"