वहिनींच्या ओट्यावरचा ड्रम

अहो, ऐकलंत का? पलीकडच्या वहिनींच्या ओट्यावर... छे हो, फराळ कसला, ड्रम! धाकट्याने चोर बाजारातून उचलून आणलाय. जुना लुडविग, शिकागोचा, सगळा धातूचा. वहिनींना आधी वाटलं, पोराने पिठाला डबा आणला.

पहिल्याच संध्याकाळी तळमजल्यावरचे काका हजर. टकटक करून म्हणतात कसे, "हा कुलाब्याच्या स्लिप डिस्क क्लबमधला असणार. १९७२ साली लेड झेपेलिनवाले आले होते ना, त्यांच्या बॉनमने वाजवलेला!" धाकटा म्हणाला, "काका, तिथे पेज आणि प्लँट दोघंच वाजवून गेले, बॉनम नव्हताच. आणि त्याचा स्नेअर ड्रम साडेसहा इंच उंच, हा पाच." वर टेप लावून दाखवली! काकांचा चेहरा... जाऊ दे, आपण कशाला बोला.

तर काय सांगत होते, हं, पितांबरी. सासूबाई डबी घेऊनच बाहेर आल्या. "पितळ आहे, आधी चिंच लावा, लख्ख निघेल." पोराने फ्रिजवरचा मॅग्नेट काढला. रिंगांना चिकटला, मधल्या पिंपाला नाही. "बघ, लोखंड नाही म्हणजे पितळच," सासूबाई खूश. पण पिंप उचलून बघा म्हणे, कसं हलकं लागतं. अ‍ॅल्युमिनियम! वरून क्रोमचा मुलामा. पहिले थोडे पितळेचे होते, मग १९६०च्या दशकात लुडविगवाले यावर आले. आणि अ‍ॅल्युमिनियमवर क्रोम नीट धरत नाही हो, म्हणून त्याच्या अंगभर ते फोड. "आजी, हे घासून जात नाहीत, उलट पापुद्रे निघतील. आणि आंबट तर लावूच नकोस." सासूबाईंनी डबीचं झाकण असं काही लावलं, मला इथे ऐकू आलं.

मग सगळा खोलला. आधी फोटो काढून ठेवले हं, हुशार आहे. वीस लांब स्क्रू, ते ठेवले कुठे? इडलीच्या साच्यात! वहिनी काय बोलल्या ते मी सांगत नाही. पिंप कोमट पाण्यात भांड्यांचा साबण घालून मऊ फडक्याने पुसलं, लगेच कोरडं केलं. रिंगांच्या गंजाला मात्र पोळ्यांची फॉइल. चुरगळायची, पाण्यात बुडवायची, हलक्या हाताने फिरवायची. काळपट पाणी सुटतं आणि खालून क्रोम चमकतं. क्रोम फॉइलपेक्षा कडक, त्यामुळे ओरखडे नाहीत. अर्धा रोल संपला हो!

खरी गंमत पुढेच. पिंपाची कड सपाट आहे का बघायला ते ग्रॅनाइटच्या ओट्यावर ठेवलं. त्याआधी आत टॉर्च लावून ठेवला, मग दिवे बंद. आम्ही सगळ्या बायका वाकून बघतोय. समोरासमोर दोन जागी खालून उजेड! काका उसळलेच, "वाकलाय, सांगितलं होतं मी!" आणि कानस घेऊन आले, बाकीची कड घासून लेव्हल करायला. पोराने हातच धरला त्यांचा. अहो, तो खोलगटपणा मुद्दाम ठेवलेला असतो, खालच्या बाजूला. तिथून स्नेअरच्या तारांची पट्टी बांधतात, म्हणजे तारा खालच्या पातळ पानाला नीट चिकटून बसतात. तीच जागा गेली की मग नुसती खरखर. दिवे लागले तेव्हा काका कानस पाठीमागे लपवत होते...

आता नवी पानं चढलीत. स्क्रू एकापाठोपाठ एक नाही हं, समोरासमोरचे थोडेथोडे पिळायचे, नाहीतर पान एकीकडे ओढतं. प्रत्येकाला शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब. तारा वाकल्यात, त्या सरळ होत नाहीत म्हणे, नव्या मागवल्यात. वहिनी रोज विचारतात ओटा कधी मोकळा होणार. आणि तारा आल्या की रविवारी सकाळी वाजवून दाखवणार आहे म्हणे.

आम्ही रविवारी ठाण्याला, मुलीकडे. तुम्हीही बघा बाई कुठे जाता येतंय का.